आक्कानं न फेडलेला नवस

आक्का गेली हे मला शाळेच्या ऑफिसातल्या फोनवर कळलं. मधली सुट्टी नुकतीच संपली होती, हातात आठवीच्या चाचणीचे पेपर होते, आणि पलीकडून आक्काचा धाकटा दीर संपतराव ओरडत होता. एसटीडी बूथवरून बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं अशी त्याची समजूत आहे. "वयनी गेल्या! सकाळी चुलीपुढंच पडल्या. डोस्क्यात रक्त सांडलं म्हणत्यात!" मी पेपर तसेच टेबलावर टाकले. सांगलीहून मिळेल त्या एसटीनं कराड, तिथून रहिमतपूर, आणि पुढं वाडीपर्यंत जीप. वाटेत रडू आलं नाही. पोचल्यावर रडावं असं ठरवल्यासारखी मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. पण अंगणात पाय ठेवला आणि पहिलं वाक्य कानावर आलं ते आक्काच्या नवऱ्यावरून : "हणमंताचं डोस्क्याचं हिच्यावर गेलं. इतकी वर्सं एका घरात काढली, जायाचंच की." बोलणारी कुणी अडाणी म्हातारी असती तर मी सोडूनही दिलं असतं. बोलत होते ते भावकीतले निवृत्त हेडमास्तर, धोतराचा सोगा सावरत, दहा माणसांच्या घोळक्यात. आणि दहाही माना डोलत होत्या. मला माझ्या बहिणीसाठी रडू येण्याआधी राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. आक्काला जाऊन काही आठवडे झाले, तरी लिहायला बसले की आधी तोच वर येतो. तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं. हा लेख हळवा होणार नाही.

शालन, माझी थोरली बहीण. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, सातवीत शाळा सुटलेली, आणि मला "मास्तरीण" म्हणून चिडवणारी. तिला कोरेगाव तालुक्यातल्या या वाडीत दिलं तेव्हा नवरामुलगा फौजेत आहे एवढीच आमच्याकडे बढाई होती. हणमंतराव, आमचे दाजी, फौजेच्या सिग्नल तुकडीत वायरलेसवर हवालदार. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे, लोखंडी पेटी उघडायचे, माझ्यासाठी सुका मेवा काढायचे. उंच, कमी बोलणारे, कपाळावर एक आठी नसलेले. नव्वद सालच्या आसपास पेन्शन घेऊन ते घरी आले आणि पहिले काही महिने ऊस, विहीर, म्हैस यांत छान रमले. मग त्यांनी पहारा सुरू केला.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण सगळी गोम इथंच आहे. दाजी पहाटे उठून अंघोळ करून, बूट घालून, वाडीच्या तोंडाशी जाऊन उभे राहायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला कुठून आलात, कुठं निघालात हे विचारायचे. लोक कौतुक करायचे. "फौजी शिस्त हाय गड्या! न्हाईतर आपली पोरं बगा." पुढं ते विहिरीवर कुणाला जाऊ देईनासे झाले, तेव्हा लोक म्हणाले, खरंच हाय, पाणी जपायलाच पायजे. मग ते घरचं पाणी प्यायचे बंद झाले, त्यात काहीतरी कालवलंय म्हणून. उसाच्या फडात बसून कुणालातरी संदेश द्यायला लागले आणि पलीकडून हुकूम येतात असं आक्काला गंभीरपणे सांगू लागले. तोवर दोन हंगाम गेले होते! दोन हंगाम एक माणूस सगळ्या वाडीच्या डोळ्यांदेखत आजारी पडत होता आणि वाडी त्याला शिस्तीचे मार्क देत होती. ज्या बायकांना मुलाला जुलाब झाले की मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं हे रेडिओवर ऐकून तोंडपाठ झालं होतं, ज्यांच्या पोरांना पोलिओचे थेंब द्यायला नर्सबाई वाडीत आल्या की त्या आधीच रांगेत उभ्या असायच्या, त्यांना मनही आजारी पडतं, त्याला औषध असतं, एवढी एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. त्यांनीही ती कुणाला विचारली नव्हती. विचारायची कशी? विचारलं की संशय, तुमच्याच घरात कुणाला झालंय का?

आक्कानं मला विचारलं. सांगलीला आली, भांड्यांना हात लावू दिला नाही म्हणून माझ्यावर रागावली, आणि मग भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "सुमे, माणसाला नसलेला आवाज ऐकू येतू, त्याला काय म्हणत्यात?" मी तिला घेऊन मनोविकाराच्या डॉक्टरांकडे गेले. एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता आणि वरच्या मजल्यावर दातांचा. पुढच्या खेपेला दाजींना घेऊन आलो तेव्हा जिन्यात वाडीशेजारच्या गावचे एक पुढारी आपल्या सुनेला घेऊन उतरताना समोरासमोर आले. पुढारी चटकन गालावर हात ठेवून म्हणाले, "दाढ." आक्का म्हणाली, "आमची बी दाढच." सुनेनं तर गालही धरला नव्हता. मी तिथं हसले, आणि घरी आल्यावर आक्का माझ्यावर भडकली. "तुला हसाय काय जातंय?"

औषध लागू पडलं. इतकं सोपं वाक्य आहे हे, पण त्यामागं आक्कानं किती खेटे घातले ते मला माहीत आहे. रहिमतपूरला पॅसेंजर गाडी धरायची, गुडघ्याशी भाकरीचा डबा, शेजारी गप्प बसलेला नवरा, आणि डब्यात ओळखीचं कुणी भेटलं की "पित्ताचं दाखवाय चाललोय." चारेक महिन्यांत दाजी पाणी प्यायला लागले, झोपायला लागले, मुलगी वंदना हिला अभ्यासावरून ओरडायला लागले. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, बरं वाटलं तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत, वर्षानुवर्षं चालतील. आक्कानं मान हलवली. पण घरात दुसरंही एक औषध चालू होतं. आक्काच्या सासूबाईंनी, ती त्यांना आत्याबाई म्हणायची, भैरोबाला नवस बोलला होता, आणि नवसाचा नारळ लाल खणात बांधून स्वयंपाकघराच्या तुळईला टांगला होता. लेक बरा झाला की चैत्राच्या जत्रेत देवाला पोशाख आणि हा नारळ.

लेक बरा झालेला दिसत होताच. जत्रा आली, वाजतगाजत नवस फेडला, पालखीवर गुलाल-खोबरं उधळलं, जेवणं झाली. त्या दिवसापासून गोळ्या बंद! मी ऐकलं तेव्हा थेट जाऊन जाब विचारला. संपतराव मला समजावत होता, जणू मीच अडाणी. "आवं, देवाचं देनं देऊन टाकलं. आता गोळी खायाची म्हंजी देवाला काय म्हणायचं? तुज्यावर इस्वास न्हाई?" माझ्या विज्ञानाच्या पुस्तकात याला उत्तर नव्हतं. भगतानं गोळ्या बंद करा म्हटलं असतं तर मी भगताशी भांडले असते. इथं कुणीच काही म्हटलं नव्हतं. सासूबाई चांगल्या होत्या, संपतराव भावावर जीव टाकणारा होता, जेवण रुचकर होतं. नवस फिटला म्हणजे आजार संपला, पावती झाली, एवढा सरळ हिशेब. पाऊसकाळात दाजी पुन्हा बूट घालून वाडीच्या तोंडाशी उभे राहिले. या वेळी त्यांनी दूधवाल्याला काठीनं मारलं.

पुन्हा तोच जिना, तीच दाढ, त्याच गोळ्या. या खेपेला फरक एकच. दाजी थोडे सावरल्यावर आक्कानं स्वतः नारळ आणला, स्वतःच्या लग्नातल्या खणात बांधला आणि तुळईच्या त्याच खिळ्याला टांगला. सासूबाईंपुढं, दिरापुढं उभी राहून म्हणाली, "ह्या बारीला नवस म्या बोललाय. हे पूर्ण बरं झालं की फेडीन. आनि पूर्ण बरं झालं का न्हाई, ते म्या ठरवीन." तिनं तो नवस कधीच फेडला नाही. दर चैत्रात जत्रा यायची, सासूबाई विचारायच्या, भावकी विचारायची, पुढं पुढं तर पुजारीही विचारायला लागला, "शालनबाई, औंदा तरी?" आणि आक्का पदर खोचत म्हणायची, "अजून पूर्ण कुठं बरं हाय? बगू पुढल्या साली." नारळ तुळईलाच, म्हणून गोळ्या चालू. नवस फिटत नाही तोवर औषधपाणी करायला देवाची ना नाही, हे सगळ्यांना मान्य होतं!

मला हे कधीच पटलं नाही. मी तिला म्हणायचे, आक्का, तू त्यांना खरं काय ते समजावत नाहीस, नुसती पुढं ढकलतेस. हा मेंदूतला आजार आहे, मधुमेहासारखा, हे सांग की सरळ! "तू सांग," ती म्हणाली. मग मी सांगितलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाडीतल्या सगळ्या बायका समाजमंदिरात जमल्या होत्या, तिथं तक्ते लावून मनाच्या आजारांवर तासभर बोलले. झोप उडणं, भास होणं, संशय, उदास वाटणं, बाळंतपणानंतरचं रडू, सगळं साध्या शब्दांत. बायका फार मन लावून ऐकत होत्या, मला वाटलं आज काम झालं. शेवटी मी विचारलं, काही शंका? सरपंचांच्या मंडळी उठल्या. "बाईंनी लय चांगलं सांगितलं. पर द्येवाच्या दयेनं आमच्या वाडीत असलं कुनाला न्हाई." सगळ्या जणी म्हणाल्या, न्हाई न्हाई. पहिल्या रांगेत आक्का बसली होती, मांडीवर वाणाची वाटी घेऊन. तीही काही बोलली नाही.

घरी जाताना मी तिच्यावर तोंड सोडलं. "तू तरी बोलायचंस! एका बाईनं उठून सांगितलं असतं, तर दहा जणी बोलल्या असत्या." आक्का चालता चालता थांबली. "बोलले असते गं. पर तू उद्याच्या गाडीनं सांगलीला जानार, आनि मला हितंच ऱ्हायाचं हाय. वंदीला अजून उजवायची हाय." मग थोडं पुढं जाऊन म्हणाली, "आनि तुज्या तक्त्यातलं मधुमेहाचं म्या आत्याबाईंना सांगितलं हुतं. त्या म्हणाल्या, मग साखर बंद करू या." मला हसू आलं नाही. आजही येत नाही.

पण वंदनाच्या लग्नाच्या वेळी तिनं जे केलं, त्यानं मी थक्क झाले. कराडकडचं चांगलं स्थळ होतं, मुलगा इंजिनिअर. मंडळी बघायला यायच्या आदल्या दिवशी संपतरावानं शिडी लावली आणि तो नारळ उतरवायला चढला. उगाच विचारपूस नको, दोन दिवस कणगीत ठेवू. आक्कानं शिडी धरली आणि त्याला खाली उतरवलं. दोन दिवसांसाठी उतरवलेला नारळ पुन्हा वर चढत नाही, असं तिचं म्हणणं. मंडळी आली, पोहे झाले, मुलाच्या मामीची नजर तुळईकडे गेली. "नवस कशाचा वो?" पित्ताचा म्हणता आलं असतं. आक्का म्हणाली, "ह्यांच्या तब्येतीचा. डोक्याच्या गोळ्या चालू हाईत." इंजिनिअर मुलगा चटकन दाजींकडे बघायला लागला, जणू सर्कशीतला वाघच मोकळा सुटलाय. दाजी बिचारे सुपारी कातरत होते. स्थळ अर्थातच मोडलं. वंदना आईशी कितीतरी दिवस बोलली नाही, आणि मीही तिच्याच बाजूनं आक्काला बोलले. समाजमंदिरात गप्प बसलीस आणि जिथं गप्प बसायचं तिथं बोललीस! त्यावर आक्का म्हणाली ते मला तेव्हा झोंबलं होतं. "तितं माज्या गप बसन्यानं ह्यांचं काय बिगडलं न्हाई. हितं गप बसले असते तर नारळ उतरला असता." वंदनाचं पुढं पुण्यात चांगल्या घरी झालं, त्या लोकांना सगळं सांगूनच झालं. पण मधली ती दोन वर्षं माझ्या भाचीची गेली ती गेलीच, आणि त्याचा दोष मी आक्काला देऊ की वाडीला, हे मला ठरवता येत नाही.

आणखी एकाला या नारळाचा फार त्रास झाला, तो माणूस म्हणजे दाजी. दर वर्षी जत्रेच्या तोंडावर, दहा माणसांत, बायकोनं म्हणायचं, "अजून पूर्ण कुठं बरं हाय?" आणि त्यांनी तिथंच बसून ते ऐकायचं. ऊस तेच लावत होते, सोसायटीच्या मीटिंगला तेच जात होते, नातवंडाला खांद्यावर घेऊन फिरत होते. एकदा माझ्यासमोर त्यांनी ताट सरकवलं. "सुमन, तुझी आक्का मला सालोसाल येडा ठरवती, चार लोकांत. आता काय हाय मला? सांग की तूच, शिकलेली हाईस." मी आक्काकडे पाहिलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. तिच्या पाठीवरून मला कळत होतं की हे वाक्य तिनं पुष्कळदा ऐकलंय. मग तिनं तव्यावरची भाकरी त्यांच्या ताटात घातली, शेजारी गोळी ठेवली आणि म्हणाली, "जेवा." ते जेवले. गोळी घेतली, पण आक्काकडे बघितलं नाही. नवऱ्याच्या नजरेतून उतरून नवऱ्याला शहाणं ठेवायचं, असला संसार तिनं वर्षानुवर्षं केला. शेवटचं भेटले तेव्हाही मी तिच्याशी यावरूनच वाद घातला होता. निघताना तिनं माझ्या पिशवीत शेंगा भरल्या आणि म्हणाली, "तुजं खरं हाय गं मास्तरणी. पर तुजं खरं व्हायला लय दिस लागतील."

आणि मग ती चुलीपुढं पडली.

दहाव्याला नदीकाठी सगळी भावकी जमली. पिंड ठेवले. कावळा शिवेना. पलीकडे बाभळीवर चांगले चार कावळे बसले होते आणि पन्नास माणसं पिंडाभोवती कोंडाळं करून उभी होती, येणार कसा? मी म्हटलं जरा मागं सरका. कुणी सरकलं नाही. एकेक जण पुढं होऊन हात जोडून सांगायला लागला. वंदनाचं माहेरपण बघू, म्हशीचं बघू, काळजी करू नको. कावळा येईना. मग हेडमास्तरांना आठवलं. "नवस! शालननं नवस अंगावर ठेवलाय. जीव तिथंच अडकलाय तिचा." एकदम सगळ्यांना पटलं, अगदी दु:खातही सुटल्यासारखं वाटलं त्यांना. संपतराव डोळे पुसत पुढं झाला, आणि त्याचं रडणं खरं होतं, म्हणून मला आणखी त्रास झाला. "वयनी, ह्या जत्रंत नारळ फेडतू आमी. पोशाख करतू. तुमी मोकळ्या व्हा." मेलेल्या बाईची इच्छा म्हणून जे ठरलं, ते आता ब्रह्मदेवही मोडणार नव्हता. नारळ फुटला की गोळ्या बंद, आणि या वेळी शिडी धरायला आक्का नव्हती.

दाजी एका बाजूला वाळूत बसले होते, डोक्यावरचा टॉवेल तोंडावर ओढून. ते उठले. पिंडापर्यंत आले आणि आधी भावाकडे, मग हेडमास्तरांकडे वळले. बोलले मात्र पिंडाकडे बघून, वायरलेसवर बोलावं तसं एकेक शब्द सुटा करून. "शालन. नारळ फेडायचा न्हाई. मी अजून पूर्ण बरा न्हाई. गोळी चालू हाय. चालूच ऱ्हाणार." कुणीतरी म्हणालं, "आरं हणमंता, असं सवताला म्हणू न्हाई रं..." "म्हणतोय की," दाजी म्हणाले. "मला डोस्क्याचा आजार हाय. समद्यास्नी ठावं हाय." आणि ते सरळ चालत घराकडे निघाले. त्यांच्या मागं गडबडून अर्धी भावकी निघाली. कोंडाळं मोडलं, आणि लगेच कावळा शिवला. आता वाडीत सांगतात की आक्काची हीच इच्छा होती म्हणून शिवला. मी विज्ञान शिकवते. गर्दी हटली म्हणून शिवला. पण मी वाद घातला नाही, आयुष्यात पहिल्यांदा.

मागच्या रविवारी वाडीला जाऊन आले. घरात आक्काचं फारसं काही राहिलेलं नाही, लुगडी वाटून झाली, भांडी जावेनं लावून घेतली. नारळ तुळईला आहे. इतक्या वर्षांत त्याचं पाणी आटून गेलंय, वाऱ्यानं हलला की आत सुटलेला गोटा वाजतो. खण विटून गेला होता, एका बाजूनं फाटून नारळाची शेंडी बाहेर आली होती. दाजींनी शिडी लावली, तो खाली घेतला, आक्काच्या एका जुन्या चोळीच्या कापडात गुंडाळला आणि पुन्हा बांधला. गाठ फौजी मारली, सुटायला अवघड. शिडी मी धरली होती. संपतराव दारात उभा राहून बघत होता. उतरल्यावर दाजींनी हात धुतले, ताटावर बसले आणि शेवटच्या घासानंतर गोळी तोंडात टाकली. मग पाण्याचा तांब्या खाली ठेवत मला म्हणाले, "जत्रा आली सुमन, समदी इचारायला येतील. अजून पूर्ण बरा न्हाई, असं म्हणणारं घरात आता माझ्याशिवाय कोण हाय?"